गाडी बंद पडली आणि वर नो पार्किंगचं चलान

प्रश्न : नमस्कार ताई, मी वारज्याला राहतो. मागच्या आठवड्यात वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरकडून घरी आणत होतो, त्यांच्या डोळ्यात ड्रॉप्स घातलेले त्यामुळे त्यांना नीट दिसत नव्हतं. कर्वे रोडला नळ स्टॉपच्या अलीकडे क्लच खाली गेला तो वर आलाच नाही, गाडी जागेवर बंद. दोन रिक्षावाल्यांनी धक्का मारून गाडी डाव्या बाजूला घेऊन दिली, पण नेमका तिथे नो पार्किंगचा बोर्ड. मी इन्शुरन्सवाल्यांच्या नंबरवर टोइंगसाठी फोन केला, पार्किंग लाइट चालू ठेवले आणि ऊन होतं म्हणून वडिलांना समोरच्या दुकानाच्या पायरीवर नेऊन बसवलं. तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला असणार, कारण संध्याकाळी मेसेज आला, नो पार्किंग, 500 रुपये. घरचे म्हणतात भरून टाक, कशाला डोकं लावतोस. पण माझी चूक नसताना का भरू? भरलं नाही तर पुढे काही लफडं होईल का?

उत्तर : दादा, आधी एक सांगते, भरू नका. निदान आत्ता तरी नाही. 500 रुपये ही मोठी रक्कम नाही हे मला कळतं, पण ते तडजोड शुल्क असतं, म्हणजे तुम्ही ते भरलं की प्रकरण तिथेच मिटलं, नंतर तुम्ही कितीही म्हणालात की गाडी बंद पडली होती तरी त्याला अर्थ राहत नाही. आणि रेकॉर्डवर पहिला गुन्हा तुमच्या नावावर लागतो, पुढच्या वेळी खरंच कुठे चुकलात तर तो दुसरा धरला जातो आणि त्याचे 1500 होतात. त्यामुळे घरच्यांना सांगा की थोडा धीर धरा.

आता पहिलं काम म्हणजे ते चलान नीट उघडून बघा. मेसेजमधल्या कुठल्याही लिंकवर जाऊ नका, कारण हल्ली व्हॉट्सॲपवर चलानच्या नावाने एपीके फाइल पाठवून खाती रिकामी करतात, खरं चलान कधी असल्या फाइलमधून येत नाही. महाट्रॅफिक ॲपवर किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलवर स्वतः जा, गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे चार आकडे टाका, चलान दिसेल आणि त्यासोबतचा फोटोही. तो फोटो मोठा करून बघा. पार्किंग लाइट लागलेले दिसतायत का? बॉनेट वर आहे का? मागच्या चाकाला दगड लावलाय का? खाली वेळ असते ती लिहून घ्या. ही वेळच तुमच्या सगळ्यात कामाची गोष्ट आहे.

मग कलम बघा, कारण लोक इथेच गडबड करतात. नो पार्किंगच्या चलानवर बऱ्याचदा मोटार वाहन कायद्याचं कलम 122 आणि 177 असतं. 122 म्हणजे इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी उभी करणं किंवा राहू देणं. दुसरं कलम आहे 201, वाहतुकीला अडथळा होईल अशी गाडी ठेवण्याबद्दलचं, त्याचा दंडही 500 पर्यंतच आहे. या 201 मध्ये 2019 च्या दुरुस्तीत चौथं पोटकलम आलं आणि ते फारसं कोणाला माहीत नसतं. त्यात सरळ म्हटलंय की गाडी अचानक बंद पडली असेल आणि ती हलवण्याचं काम चालू असेल तर हा दंड लागू होत नाही. तुमच्या चलानवर 201 असेल तर तुमची बाजू एकदम भक्कम आहे. 122 असेल तर ही सूट शब्दशः त्याला लागत नाही हे मी प्रामाणिकपणे सांगते, पण तरी मुद्दा मांडायचा, की तुम्ही गाडी तिथे लावली नाही, ती तिथे बंद पडली आणि धक्का मारून कडेला घेतली ती उलट अडथळा कमी व्हावा म्हणून, आणि कायदा स्वतःच 201 मध्ये अशा माणसाला सोडतो.

पण लक्षात घ्या, त्या पोटकलमाचे दोन भाग आहेत, अचानक बंद पडणं आणि हलवण्याचं काम चालू असणं. गाडी बंद पडली म्हणून लॉक करून घरी गेलात आणि संध्याकाळी मेकॅनिक घेऊन आलात, तर मग तो मुद्दा टिकत नाही आणि टिकूही नये, कर्वे रोडसारख्या रस्त्यावर एक लेन दिवसभर अडली तर मागे अँब्युलन्सपण अडकते. तुम्ही तसं केलं नाही, तुम्ही लगेच फोन केलात, पण ते कागदावर दिसलं पाहिजे.

यावर मी जरा जास्तच बोलतेय कारण माझं स्वतःचं चलान याच कारणाने माफ झालं नव्हतं. माझी गाडी सातारा रोडला बंद पडली होती, बॅटरी गेली होती, ओळखीचा मेकॅनिक स्कूटरवर बॅटरी घेऊन आला, बदलून दिली आणि एका चिठ्ठीवर नुसती रक्कम लिहून दिली. तारीख नाही, गाडीचा नंबर नाही, वेळ तर नाहीच. मी तक्रारीत दोन पानं भरून लिहिलं की माझी कशी चूक नव्हती, किती त्रास झाला, आणि ती अमान्य झाली. तेव्हा खूप वाईट वाटलं होतं, पण आज बघते तेव्हा कळतं की वाचणाऱ्यासमोर एक फोटो होता आणि माझं रडगाणं होतं, त्या दोघांना जोडणारं काहीच नव्हतं.

तुम्ही मोठं लिहू नका, वेळा लिहा. समजा 11.35 ला गाडी बंद पडली, 11.41 ला टोइंगला फोन, 11.58 ला चलानचा फोटो, 12.25 ला टोइंगची गाडी आली, 1 वाजता गॅरेजला पोचली. तुमच्या खऱ्या वेळा घाला अर्थातच. फोनच्या कॉल लिस्टचा स्क्रीनशॉट घ्या, इन्शुरन्सवाल्यांचा कम्प्लेंट नंबराचा मेसेज आला असेल तो घ्या, टोइंगची पावती घ्या. आणि गॅरेजचं जॉब कार्ड, त्यावर गाडीचा नंबर, तारीख आणि काय बिघडलं होतं ते, क्लच, असं स्पष्ट लिहिलेलं. चलानची वेळ या सगळ्याच्या मध्ये बसली की वाचणाऱ्याला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. वडिलांच्या डॉक्टरच्या कागदाचाही फोटो जोडा, तुम्ही गाडीजवळ का नव्हता त्याचं उत्तर त्यात आहे.

हे सगळं ॲपवर किंवा पोर्टलवर तक्रारीचा पर्याय आहे तिथून पाठवा, चलान नंबर टाकून. काही उत्तर आलं नाही तर झेरॉक्सचा सेट घेऊन वाहतूक शाखेच्या येरवड्याच्या ऑफिसला जा, अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. (हे पुणे शहराचं झालं. कोणाचं चलान वाकड, हिंजवडीकडचं असेल तर ते पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे येतं, 2018 पासून ते वेगळं आहे.)

लफडं होईल का म्हणता तर न भरल्याने लगेच कोणी दारात येत नाही, पण विसरूनही जाऊ नका. थकीत चलानांसाठी लोकअदालतीची नोटीस येते. तिथे तडजोड होते, गाडी बंद पडली होती की नाही याचा निकाल लागत नाही, आणि एकदा तडजोडीवर सही केली की त्यावर अपील नसतं. तुम्हाला मुद्दा लढवायचाच असेल तर तिथे नम्रपणे सांगा की मला तडजोड नको, मग प्रकरण कोर्टापुढे जाऊ शकतं. त्यासाठी एखादी रजा घालवायची का हे मात्र तुम्ही ठरवा, त्यात कमीपणा काही नाही. तक्रार करायला मात्र पैसे लागत नाहीत म्हणून ती तरी कराच.

आणि पुढच्या वेळेसाठी, देव करो आणि अशी वेळ न येवो, पण आली तर बॉनेट उघडा, डिकीतला लाल त्रिकोण मागे ठेवा, बोर्डसकट गाडीचा एक फोटो काढा आणि चौकात मामा असतील तर त्यांना आधी जाऊन सांगा की गाडी बंद पडलीय, टोइंग येतंय. मामा खूपदा स्वतः उभे राहून ट्रॅफिक वळवून देतात, मी बघितलंय.

गॅरेजला मात्र आजच जा. महिना झाला की ते जॉब कार्ड रद्दीत जातं.