एलएस बसवलं, आता गाडी कितीला जाईल?

या वेळच्या पत्रांत अमेरिकेतल्या वाचकांचा भरणा आहे आणि बहुतेकांचं दुखणं एकच. १९६०-७० च्या दशकातली मसल कार (दणदणीत इंजिनाची अमेरिकन गाडी) हौसेने घेतली, इंजिन, ब्रेक, एसी नवं टाकलं, आता विकायला काढायची तर भाव काय सांगायचा? त्यातली पाच पत्रं घेतली आहेत. रकमा डॉलरमध्ये.

माझ्याकडे १९६९ ची शेव्हरोले कॅमारो हार्डटॉप आहे. २८ हजारांना घेतली तेव्हा आत दुसऱ्याच कुठल्या गाडीचं ३५० (घनइंचांचं) इंजिन होतं. ते काढून नवं एलएस३ (जनरल मोटर्सच्या आधुनिक एलएस घराण्यातलं आठ सिलिंडरचं) क्रेट, म्हणजे पेटीबंद तयार मिळणारं इंजिन, ट्रेमेकचा पाच गिअरचा टीकेएक्स बॉक्स, चारही चाकांना विलवुडचे डिस्क ब्रेक, एसी आणि नवा रंग, असा ७४ हजारांचा खर्च झाला. विम्यासाठी मूल्यांकन करून घेतलं, तो दाखला १ लाख १५ हजारांचा आहे. तेवढ्याला जाईल ना? – नोव्हाय, मिशिगन

नाही जाणार. विम्याचा दाखला वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर असतो: उद्या गाडी जळाली किंवा चोरीला गेली, तर अशीच दुसरी उभी करायला किती लागतील? त्यात मजुरीचा तासन् तास हिशेब धरलेला असतो. ग्राहक मजुरीचे पैसे देत नाही, समोर दिसते त्या गाडीचे देतो. दाखला जपून ठेवा, ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ची, म्हणजे गाडी गेली तर आधी ठरलेली रक्कम देणारी पॉलिसी त्याच्यावरच मिळते. फक्त जाहिरातीत तो आकडा टाकू नका. जाणकार ग्राहक तिथूनच मागे फिरतो.

तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. डॅशबोर्डवर काचेतून दिसणाऱ्या पट्टीवरचा गाडीचा नंबर (व्हीआयएन) १२४३७ ने सुरू होत असेल, तर गाडी कारखान्यातून व्ही८ म्हणून निघाली. १२३३७ असेल तर सहा सिलिंडरची. त्यापुढचा ९ म्हणजे १९६९, आणि एन म्हणजे ओहायोतला नॉरवुड कारखाना, एल म्हणजे लॉस एंजेलिसचा. ती एसएस किंवा झी/२८ (कॅमारोचे जोरदार प्रकार) होती का, हे या नंबरात लिहिलेलं नसतं. नॉरवुडच्या गाडीला फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवरच्या) छोट्या पट्टीवर एक्स३३ किंवा एक्स७७ असेल तर ती झी/२८ निघाली होती. मात्र ही एक्सची खूण १९६८ च्या डिसेंबरापासून मारू लागले, त्याआधीच्या गाड्यांवर ती नसतेच. तुमची साधी कॅमारो असेल तर आनंद माना. मूळ इंजिन आधीच गेलेलं होतं, म्हणजे एलएस टाकून तुम्ही काही घालवलेलं नाही. अशाच गाडीवर केलेल्या बदलांचे पैसे परत येतात, पूर्ण नाही तरी बऱ्यापैकी.

किती, ते काम कसं झालंय त्यावर. जाणता ग्राहक बोनेट उघडण्याआधी गाडी लिफ्टवर घ्यायला सांगतो आणि पहिल्यांदा ऑइल पॅन बघतो. ट्रकच्या एलएसचा खोल पॅन कॅमारोच्या क्रॉसमेंबरखाली (पुढच्या आडव्या आधाराखाली) लोंबतो आणि गतिरोधकावर घासतो; तिथे या अदलाबदलीसाठीच बनवलेला उथळ पॅन हवा. मग पेट्रोल. कार्ब्युरेटरला ६-७ पीएसआय दाब पुरायचा, एलएसच्या इंजेक्शनला साधारण ५८ लागतो. पंप टाकीच्या आत, टाकीत पेट्रोल हेलकावू नये म्हणून कप्पे, असं असेल तर उत्तम. जुन्याच टाकीला बाहेरून पंप अडकवला असेल तर तो घूं-घूं आवाज करतो, तापतो आणि टाकी पाव भरलेली असताना जोरात वळण घेतलं की इंजिनाला उचकी लागते. चाचणीच्या फेरीत ही उचकी लागली की सौद्यातून पाच हजार गेलेच म्हणून समजा. तिसरी गोष्ट वायरिंग. दोन इलेक्ट्रिक पंखे चालू झाले की ३०-४० अँपिअर सहज ओढतात. अल्टरनेटरपासूनची पन्नास वर्षांची जुनी तार तशीच ठेवली असेल तर ती गरम होते, कनेक्टर पिवळा पडतो, आणि हे बोटाने चाचपून कळतं. हे तिन्ही विकण्याआधी नीट करून घ्या. दोन हजार लागले तरी इथेच लावा. नव्या चाकांवर लावलेत तर पुढच्या ग्राहकाला ती आवडतीलच असं नाही.

रंगाबद्दलही तेच. बिल १५ हजारांचं असो की ३० हजारांचं, ग्राहक मागच्या चाकाच्या कमानीला आणि दाराखालच्या पत्र्याला लोहचुंबक लावणार. चुंबक धरला नाही की खाली पुट्टीचा थर आहे हे त्याला कळलं. रंगाच्या आधीचे, उघड्या पत्र्याचे फोटो असतील तर ते बिलांपेक्षा मोलाचे आहेत.

भाव काढताना जाहिरातींतले मागितलेले आकडे बघू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या गाड्या बघा. लिलावाच्या निकालात ‘विकली’ आणि ‘सर्वोच्च बोली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत गाडी मालकाकडेच परत गेलेली असते. गेल्या वर्षभरातल्या सहा-आठ मिळत्याजुळत्या गाड्या घ्या, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची खोडा. चासी मूळची, वर एलएस आणि एसी, पत्रा स्वच्छ, अशा गाडीला आमच्या मते ६५ ते ८० हजारांच्या पट्ट्यात धरून चालावं. यातून लिलावाचं कमिशन, प्रवेश फी आणि ट्रकने नेण्याचा खर्च वजा करायचा आहे. आणि किमान किंमत न ठेवता बोलीला लावायची असेल तर जरा जपून. त्या दिवशी हॉलमध्ये तुमच्या रंगाचे दोन वेडे नसले तर गाडी मिळेल त्या भावाला द्यावी लागते.

१९६७ ची मस्टँग फास्टबॅक घेतली आहे, नंबर ७टी०२एस ने सुरू होतो. ३९० इंजिन आणि चार गिअर, दोन्ही मूळचे म्हणून सांगितलं. इंजिन तेल खातं. ते काढून फोर्डचं नवं ५ लिटरचं कोयोट बसवलं तर दोन वर्षांनी विकताना किंमत वाढेल का? – एडिसन, न्यू जर्सी

आधी तुमच्या गाडीचा जन्मदाखला. ७ म्हणजे १९६७, टी म्हणजे मेटचन कारखाना, ०२ म्हणजे फास्टबॅक, एस म्हणजे ३९० जीटी, ३२० हॉर्सपॉवर. हा मेटचन कारखाना प्रत्यक्षात तुमच्या एडिसनच्याच हद्दीत होता. २००४ मध्ये बंद झाला. म्हणजे गाडी माहेरीच आहे.

आता कोयोट. हे इंजिन अंगाने रुंद, हेडवर चार कॅमशाफ्ट. १९६७ च्या मस्टँगमध्ये दोन्ही बाजूंना स्प्रिंग पेलणारे जे शॉक टॉवर आहेत, ते कापल्याशिवाय ते आत नीट बसत नाही. टॉवर कापले की पुढचं सस्पेन्शनही बदलावं लागतं. एकदा ग्राइंडर फिरला की परतीची वाट नाही. सहा सिलिंडरच्या फास्टबॅकवर हेच काम केलंत तर कोणी हरकत घेणार नाही. एस अक्षराच्या, चार गिअरच्या गाडीवर केलंत तर मूळपणासाठी जादा पैसे मोजणारा ग्राहक गेला, आणि कोयोटवाल्या ग्राहकाला ते एस अक्षर असलं काय नि नसलं काय. वरून कोयोटचा खर्च तुमचा.

तेल खातं म्हणजे इंजिन संपलं असं नाही. या जातीच्या फोर्ड इंजिनात व्हॉल्व्हचे सील आणि गाइड झिजणं नेहमीचं. सकाळी पहिल्या स्टार्टला किंवा उतारावर पाय काढून परत दाबल्यावर निळा धूर येतो आणि मग थांबतो, तर रोग वर, हेडमध्ये आहे. सतत येतो तर रिंगा. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (हवा कुठून गळते ते दाखवणारी) चाचणी करून घ्या, मग ठरवा. इंजिन मशीन शॉपला दिलंत तर ‘ब्लॉकवरचे आकडे घासायचे नाहीत’ असं कामाच्या चिठ्ठीवर लिहून द्या.

मूळचं इंजिन कशावरून, हेही तपासाच. फोर्डने ब्लॉकवर गाडीचा नंबर सरसकट मारायला १९६८ पासून सुरुवात केली. १९६७ मध्ये तो एरवी फक्त नंबरात के अक्षर असलेल्या गाड्यांच्या २८९ इंजिनांवर असतो. त्यामुळे तुमच्या ३९० वर गाडीचा नंबर नाही म्हणून घाबरू नका. उलट कोणी ‘नंबर जुळतो’ म्हणत असेल तर त्यालाच विचारा, कुठला नंबर? तुम्ही बघायची ती ब्लॉकवरची ओतकामाची तारीख. ६एम१५ म्हणजे १९६६ चा डिसेंबर, १५ तारीख. ७ए१२ म्हणजे १९६७ ची १२ जानेवारी. महिन्यांच्या अक्षरांत आय वगळलेलं असतं. ही तारीख गाडी बनल्याच्या तारखेच्या आधीची, थोड्या आठवड्यांच्या अंतरावरची हवी. नंतरची असेल तर इंजिन बदललेलं आहे, विषय संपला. गाडी कधी बनली, कोणत्या रंगात, कोणत्या गिअरबॉक्सने, हे ‘मार्टी रिपोर्ट’मध्ये मिळतं, १९६७ पासूनच्या फोर्डसाठी तो मागवता येतो. दारावरच्या पट्टीवर गिअरबॉक्सच्या जागी ५ असेल तर चार गिअरचा बॉक्स कारखान्याचाच.

हात शिवशिवतच असतील तर नटबोल्टने निघेल तेवढंच करा: पुढे डिस्क ब्रेक, मूळ डिस्ट्रिब्युटरच्या आत बसणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर, रेडियल टायर. पत्र्याला नवं भोक पाडायचं नाही. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात. विक्रीच्या दिवशी गॅरेजच्या कोपऱ्यातली ही खोकी ग्राहकाला आवर्जून दाखवा, सौदा तिथे बराच पक्का होतो.

१९६८ ची पाँटिअ‍ॅक लेमान्स आहे. आधीच्या मालकाने तिला हुबेहूब जीटीओ (लेमान्सची जोरदार, महागडी बहीण) बनवलं आहे: बंपर, बोनेट, बिल्ले, ४०० इंजिन. जाहिरातीत जीटीओ लिहिलं तर चालेल का? – ह्यूस्टन, टेक्सास

चालणार नाही. १९६८ च्या जीटीओचा नंबर २४२ ने सुरू होतो, लेमान्सचा २३७ ने. ग्राहक फोनवरच विचारेल. शिवाय पाँटिअ‍ॅकच्या मूळ नोंदींची प्रत पीएचएस या संस्थेकडून कोणालाही मागवता येते. ‘लेमान्स, जीटीओ ट्रिब्यूट’ (म्हणजे जीटीओसारखी बनवलेली) असं पहिल्याच ओळीत लिहा, नंबरपट्टीचा फोटो टाका. खऱ्या जीटीओचा भाव येणार नाही, पण नीट बनवलेल्या ट्रिब्यूटला साध्या लेमान्सपेक्षा जास्त नक्की मिळतात. खोटं लिहून विकलीत तर पुढे पैसे परत करण्याचा दावा तुमच्यावर येईल. नंबरपट्टीला तर हातच लावू नका; ती काढणं, बदलणं हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे.

१९७८ ची ट्रान्स अ‍ॅम, मूळचं डब्ल्यू७२ (कारखान्याचं जास्त ताकदीचं) इंजिन आणि चार गिअर. चार वर्षांपूर्वी त्यात २००५ च्या ट्रकचं ५.३ लिटर एलएस टाकलं. ग्राहक आला, पण स्मॉगचा (धूर चाचणीचा) कागद मागतोय. – फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

मागणारच. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग चाचणी माफ आहे, तुमची तीन वर्षांनी हुकली. विकताना चाचणीचं प्रमाणपत्र देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी, आणि ते ९० दिवसच चालतं. वेगळ्या वर्षाचं इंजिन असल्याने साधं केंद्र पुरणार नाही, रेफरीकडे (अशा बदललेल्या गाड्या तपासणाऱ्या सरकारमान्य केंद्राकडे) जावं लागेल. तिथे २००५ च्या ट्रकवर जे जे होतं ते सगळं मागतील: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सगळे ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलच्या वाफेचा कॅनिस्टर, चालू ‘चेक इंजिन’ दिवा आणि स्कॅनर जोडायचा प्लग. गडबड नेहमी इथेच होते. इंजिन बसवणाऱ्याने मागचे सेन्सर आणि कॅनिस्टर ‘कशाला हवेत’ म्हणून फेकलेले असतात आणि कॉम्प्युटरमधून त्यांच्या तक्रारी बंद केलेल्या असतात. ते परत बसवून कॉम्प्युटर पूर्ववत करण्याचा खर्च आधी काढा. पास झाल्यावर रेफरी गाडीत जे लेबल लावतो, त्याने स्थानिक ग्राहकाची निम्मी भीती जाते.

मात्र त्याआधी एक विचारतो: मूळ डब्ल्यू७२ आहे कुठे? १९७८ मध्ये त्याला २२० हॉर्सपॉवर होती, आणि ट्रान्स अ‍ॅमचे शौकीन हेच इंजिन चार गिअरसोबत शोधत असतात. ते तुमच्याकडे स्टँडवर असेल तर परत बसवून विकण्याचा हिशेब रेफरीच्या हिशेबाशेजारी मांडून बघा. आमचा कौल परत बसवण्याकडे आहे. विकून टाकलं असेल तर प्रश्न मिटला, एलएसच कायदेशीर करा.

मामा टेक्सासात असतो. त्याच्याकडे १९७० ची डॉज चॅलेंजर आहे, आधुनिक हेमी (डॉजचं नावाजलेलं आठ सिलिंडरचं) इंजिन आणि नवी चासी घातलेली. तिथे मनासारखा भाव येत नाही म्हणून पुण्याला पाठवतो म्हणतोय. इथे व्हिंटेज म्हणून नोंद होईल का? – पुणे

मामांना तिकडेच विकायला सांगा. २०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली गाडी व्हिंटेज धरतात. वयात चॅलेंजर बसते. पण त्याच व्याख्येत गाडी मूळ रूपात राखलेली हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको, अशी अट आहे. मामांनी नेमकं तेच बदललंय. सगळं मूळचं असतं, तरी नव्या नोंदणीचे २० हजार रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळाल्यावरही ती रोजच्या वापरात काढता येत नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. आयातीची परवानगी आणि कस्टम्सचा खर्च याहून वेगळा. डाव्या स्टिअरिंगची, कागदावर धड व्हिंटेज नाही नि धड नवी नाही अशी गाडी पुण्यात घेणार कोण?

टेक्सासात भाव येत नसेल तर जाहिरातीत चासी कोणाची, वेल्डिंग कोणी केलं, इंजिनाचा डायनो (ताकद मोजल्याचा) कागद आणि व्हीआयएनचं पाचवं अक्षर हे चार तपशील आहेत का ते मामांना विचारा. १९७० च्या चॅलेंजरला त्या जागी जी म्हणजे ३१८, एन म्हणजे ३८३, यू म्हणजे ४४०, आणि आर म्हणजे मूळची ४२६ हेमी. तिथे आर निघालाच, तर मामांना म्हणावं जाहिरात लगेच काढून घ्या आणि जुनं इंजिन कोणाला दिलं ते आधी शोधा.