वाचक विचारतात : माळावरचे दगडी ढीग

प्रश्न : इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर दगडांचे गोल ढीग दिसले. त्यांतलं प्रागैतिहासिक थडगं कसं ओळखायचं? आणि आत हाडं का सापडत नाहीत?

उत्तर : माथा सोडा, पायथा बघा. कडेनं दगड रोवून केलेलं कडं असेल तर थडग्याची शक्यता जास्त. वाटसरूंनी रचलेल्या ढिगाला कडं नसतं, दगडांवर दगडफूलही फारसं चढलेलं नसतं. घोटाळा होतो तो हौशी मंडळी जुन्या थडग्यावरच नवे दगड चढवतात तेव्हा. मधोमध खड्डा असेल तर कुणीतरी धनाच्या आशेनं आधीच उकरलंय. त्याच खड्ड्यात कधी कधी शिळापेटी उघडी पडलेली दिसते : चार उभ्या फरश्या, वर झाकणाची शिळा. लांबी बहुधा मीटरभरच, म्हणजे आत देह ठेवायचा तर गुडघे दुमडून, नाहीतर नुसती रक्षा.

हाडांचं म्हणाल तर ग्रॅनाइटवरची माती आम्लधर्मी, त्यात न जळलेली हाडं विरघळून जातात. जळलेली तगतात. कातडं, कापड तर हवेशीर मातीत कुजतंच. अपवाद डार्टमूरवरच्याच व्हाइटहॉर्स हिल या टेकडीवरच्या शिळापेटीचा. सुमारे ६०० मीटर उंचीवरची ही पेटी पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या पाणथळ थरात होती. तिथं हवा पोचत नाही, म्हणून कुजणं थांबतं. पीट झिजून पेटी उघडी पडू लागली, तेव्हा २०११ साली ती उत्खननात काढली. अस्वलाच्या कातड्यात तरुण व्यक्तीची जळकी हाडं, सालीच्या धाग्यांची विणलेली परडी, २००हून अधिक मणी, आणि लाकडी कुड्यांच्या दोन जोड्या! वय साडेतीन हजार वर्षांहून जास्त.

प्रश्न : नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांशी यांचं नातं आहे का?

उत्तर : नातं जुळवलं ते रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी. १८६७मध्ये त्यांनी जुनापाणीला खोदकाम केलं आणि शिळांवरचे वाटीसारखे खळगे ब्रिटनमधल्या खळग्यांसारखे आहेत, असं मांडलं. पण साम्य म्हणजे नातं नव्हे. विदर्भातली ही शिळावर्तुळं म्हणजे लोहयुगातली दफनं, डार्टमूरची त्याआधीच्या कांस्ययुगातली. खळगे बघायचे तर सकाळच्या तिरप्या उन्हात जा, दुपारी ते दिसतच नाहीत. फोटोसाठी खडूनं मात्र रंगवू नका.