जुनी गाडी ट्रॅफिकमध्ये गरम होते, हायवेला मात्र नीट चालते. हेड गॅस्केटच गेलं असेल का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: २००४ ची पेट्रोल वॅगन-आर. सायन सर्कलच्या सिग्नलला अडकली की तापमानाचा काटा चढतो, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला मोकळा रस्ता मिळाला की पाच-सात मिनिटांत खाली येतो. आठ-दहा दिवसांनी थोडं पाणी घालावं लागतं. गॅरेजवाला म्हणतो, हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) उडालंय, हेड उतरवायला लागेल.

मी मेकॅनिक नाही, पण भांडुपहून लोअर परळला जुन्या गाडीने वर्षानुवर्षं ये-जा केली आहे आणि या दुखण्यावर भरपूर पैसे घालवून बसलोय. एवढ्या वर्णनावर हेड उतरवू देऊ नका. आधी फॅन बघा.

गाडी साठच्या वेगाने पळत असते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर (इंजिनचं पाणी गार करणारी पुढची जाळी) थंड करतो, फॅनला फारसं काम नसतं. सिग्नलला वारा नाही, सगळी मदार फॅनवर. म्हणून उभी असताना तापणारी आणि पळताना निवणारी गाडी बहुतेक वेळा फॅनची तक्रार करत असते. उलट झालं असतं, म्हणजे शहरात गाडी ठीक आणि कसारा घाट चढताना काटा वर, तर रेडिएटर आतून चोंदलाय किंवा वॉटर पंप थकलाय म्हटलं असतं. काटा कधी चढतो हे गॅरेजमध्ये कोणी विचारत नाही, पार्ट बदलायला घेतात.

माझंच सांगतो. १९९८ ची झेन होती, कार्ब्युरेटरवाली. एका पावसाळ्यात एलबीएस रोडवरच्या गुडघाभर पाण्यातून काढली आणि पंधरा दिवसांनी ती तुमच्यासारखीच तापायला लागली. पहिल्या गॅरेजने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह) काढून फेकून दिला, ‘मुंबईत लागत नाही साहेब’. दुसऱ्याने रेडिएटर बदलला. तिसरा हेड उतरवायच्या तयारीत होता, तेवढ्यात कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनकडे हॉर्न दुरुस्त करायला गेलो. बोलता बोलता त्याने फॅन स्विचचं, म्हणजे पाणी तापलं की फॅन चालू करणाऱ्या स्विचचं, सॉकेट ओढलं. आतली पितळी पिन हिरवट-निळी पडलेली, मोरचूद लावल्यासारखी. त्याने वायरचा चिमूटभर तुकडा सॉकेटच्या दोन टोकांत खोचला आणि फॅन घर्रर्र करून सुरू झाला. म्हणजे मोटर धडधाकट, फक्त तिला ‘फिर’ म्हणणारा गप्प बसलेला. पॉलिश पेपरने पिन घासली, चहा पाजला, हॉर्नचेच पैसे घेतले.

तुमच्या गाडीत हा वायरचा खेळ करू नका. एमपीएफआय गाड्यांत (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, तुमच्यासारख्या) फॅन बहुधा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) यांच्यामार्फत चालतो, चुकीच्या पिनेत वायर घातलीत तर महागात पडेल. त्याऐवजी गाडी उभ्या जागी, एसी बंद ठेवून चालू राहू द्या आणि बॉनेट उघडून काट्यावर नजर ठेवा. काटा मध्याच्या थोडा वर गेला तरी फॅन हलत नसेल तर एसी लावा. बऱ्याच गाड्यांत एसीबरोबर फॅन फिरायलाच हवा. एसीने फॅन फिरला आणि काटा उतरला, तर मोटर बरी, दोष सेन्सर किंवा वायरिंगमध्ये. तरीही नाही फिरला तर फ्यूज बघा, मग फॅनच्या रिलेच्या जागी त्याच नंबरचा दुसरा रिले लावून बघा (हॉर्नचा बऱ्याचदा सारखाच असतो). त्यानेही नाही झालं तर मोटरला थेट बॅटरीचा करंट देऊन बघायला सांगा. फॅन फिरतो पण मरगळल्यासारखा, हेही होतं. त्याच्या मोटरचे कार्बन (आत करंट पोचवणारे छोटे ठोकळे) झिजलेले असतात. आणि हात लांब ठेवा, काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही फॅन अचानक सुरू होतो.

माझे चुलते पद्मिनी टॅक्सी चालवायचे. ते सिग्नलला गाडी न्यूट्रलला टाकून थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यायचे आणि मलाही तोच सल्ला द्यायचे. त्यांचं बरोबर होतं, कारण पद्मिनीचा फॅन इंजिनवरच्या बेल्टने फिरायचा. इंजिन जोरात तर फॅन जोरात. आपल्या गाड्यांचा फॅन विजेवर चालतो, अ‍ॅक्सिलरेटर दिल्याने त्याचा वेग वाढत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, सल्ला मात्र अजून फिरतोय.

फॅन ठीक निघाला तर रेडिएटरच्या पुढचा एसीचा कंडेन्सर (तशीच दुसरी जाळी) बघा. दोघांच्या फटीत धूळ, पानं, कधी प्लास्टिकची पिशवीसुद्धा सापडते. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारा, साध्या नळीने; प्रेशरने पत्र्या वाकतात. रेडिएटरच्या पत्र्यांवर हलकेच अंगठा फिरवा. भाजलेल्या पापडासारखा चुरा पडला तर खाऱ्या हवेने ते काम केलंय, तो रेडिएटर बदलाच.

आता पाणी कमी होण्याचं. इथेच तुमच्या गॅरेजवाल्याला हेड गॅस्केट दिसतंय, आणि शंका अगदीच चुकीची नाही. पण पाणी जायच्या स्वस्त वाटा आधी तपासा. रेडिएटरची कॅप हा सगळ्यात दुर्लक्षित पार्ट. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण ०.९ बारची कॅप दाब धरून असेल तर तेच ११८ च्या आसपास उकळतं. रबर कडक झालं की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळून शेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीत जातं आणि तिथून वाहून जातं. नवी घेताना जुनीवरचा आकडा बघूनच घ्या. मग होजच्या (पाण्याच्या रबरी नळ्यांच्या) क्लिपा, वॉटर पंपाच्या खाली सुकलेल्या कूलंटचे (रेडिएटरमध्ये घालायच्या रंगीत द्रवाचे) ओघळ, आणि पुढच्या सीटसमोर पायाखालचं कार्पेट ओलं आहे का, म्हणजे हीटरची जाळी गळतेय का, ते बघा.

हे सगळं कोरडं निघालं तर हेड गॅस्केटची परीक्षा घ्या. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना (गरम असताना कधीच नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं) कॅप काढा, पाणी काठोकाठ भरा, इंजिन चालू करा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे हवेचे असू शकतात, पण थांबता न थांबणारा बुडबुड्यांचा झरा असेल तर वाईट बातमी. कॅप लावून गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला तरी तेच. ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट मलई दिसली म्हणून घाबरू नका, पावसाळ्यात कमी अंतर चालणाऱ्या गाडीत ती वाफेची असते. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलसुद्धा दुधाळ असेल तर मात्र काळजी. पक्कं उत्तर हवं तर गॅस टेस्ट करून घ्या. त्यात रेडिएटरच्या तोंडाशी निळं द्रव ठेवतात. इंजिनाचा धूर पाण्यात शिरत असेल तर ते पिवळं पडतं. हेड उतरवण्याच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

थर्मोस्टॅट कोणी काढू देऊ नका. तो नसला की सकाळी इंजिन तापायला वेळ लागतो आणि पेट्रोल जास्त जातं.

पाणी बदलाल तेव्हा नळाचं नको, तयार मिसळलेलं कूलंट भरा. घट्ट कूलंट तसंच ओतू नका, नुसतं कूलंट पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. भरल्यावर हीटर फुल गरमवर ठेवून गाडी चालू ठेवा म्हणजे अडकलेली हवा निघेल. आणि दुरुस्ती होईपर्यंत सिग्नलला काटा चढला तर एसी बंद, हीटर चालू. मे महिन्यात सायनला हीटर लावून बसणं म्हणजे शिक्षाच, पण त्याने इंजिनची थोडी उष्णता तुमच्या अंगावर येते आणि काटा थांबतो. तरीही लाल रेषेला गेला तर बाजूला घेऊन बंद करा. पुढचा सिग्नल गाठायच्या नादात हेड वाकतं आणि मग गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं ठरतं.

फॅन एसीबरोबर फिरतो की नाही, एवढं आधी बघून कळवा.