आधी जमीन बघ

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. कंपनी सरकारविरुद्ध बंड केलेला संगोळ्ळी रायण्णा आपला की त्यांचा हे ठरत नाही म्हणून निबंध अडलाय, असं लिहितोस. वर्गातली कानडी मुलं म्हणतात आमचा. घरी काका म्हणतात, त्याच्यावर कशाला, कोल्हापूरकडच्या सामानगड किल्ल्याच्या गडकऱ्यांवर लिही. पोरा, खानापूर तालुक्यात वाढलास, नंदगडला रायण्णाच्या समाधीवरचा तो वड पाहिलास, त्याला नवसाचे पाळणे बांधलेले पाहिलेस, आणि तरी हाच प्रश्न? पाळणा बांधणारी बाई नवस कुठल्या भाषेत बोलते, हे तो वड विचारत नाही.

आधी जमीन बघ. कुठल्याही बंडाचा कागद उघडलास की पहिली ओळ हीच लिही: कोणाची जमीन गेली, कोणत्या हुकमाने, कोणत्या साली. नाव, जात, भाषा सगळं त्याच्या खाली.

रायण्णा कित्तूर संस्थानचा शेतसनदी होता. म्हणजे काय? गावाची राखण करायची, वसुलीच्या वेळी हजर राहायचं, बोलावणं आलं की हत्यार घेऊन जायचं, आणि पगाराच्या जागी सनदेने मिळालेली जमीन कसायची. अशा जमिनीवर पूर्ण सारा नसतो, असलीच तर थोडी जुडी, म्हणजे हलका सारा, असते. कित्तूर कंपनीने घेतल्यावर चाकरीच उरली नाही. मग काही जमीन जप्त आणि उरलेलीवर भरमसाट सारा. कचेरीतल्या माणसाला हा नुसता हिशेब वाटतो. शेतसनद्याचा मात्र पगार, पेन्शन आणि गावातली पत एकदम जाते. म्हणूनच रायण्णाच्या माणसांनी बिडी गावची सरकारी कचेरी जाळली. कचेरीत दप्तर होतं, दप्तरात जमीन होती.

आता सामानगड घे. कोल्हापूरचे छत्रपती लहान, कारभार कंपनीने बसवलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या हाती. त्यांनी गडकऱ्यांच्या वतनी जमिनी मामलेदारांच्या ताब्यात दिल्या. 1844 च्या जुलैत गडकऱ्यांनी गडाचे दरवाजे लावून घेतले. गडकरी म्हणजे तरी कोण? गड राखायचा आणि त्याबद्दल जमीन खायची. संगोळ्ळीचा शेतसनदी कानडी बोलायचा, सामानगडचा गडकरी मराठी. दोघांच्या पोटावर पाय पडला तो एकाच तऱ्हेने. काकांना म्हणावं, दोघांवर एकत्र लिहितोय.

सामानगड 13 ऑक्टोबरला पडला. मधले तीन महिने का लागले ते नीट लिही, 'गडकरी शौर्याने लढले' एवढ्यावर सुटू नकोस. बेळगावहून फौज आली होती, पण तट फोडायच्या मोठ्या तोफा मागून आल्या. आपल्याकडच्या पावसात असली तोफ चिखलातून ओढायची म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. तोफा लागल्या आणि एकदोन दिवसांत निकाल.

तारखांबद्दल. मोडी कागदावर बहुधा फसली, म्हणजे महसुली, साल असेल, आणि ते मृगापासून मृगापर्यंत चालतं. इंग्रजी साल काढायला जूनच्या मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला 590 मिळव, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 591. सगळीकडे 590 मिळवून मोकळा झालास तर 1830 च्या जानेवारीत जळालेली बिडीची कचेरी 1829 त नेऊन ठेवशील. मोडी तर शीकच. या भागातलं कंपनीच्या वेळचं महसुली दप्तर पुष्कळसं मराठीत आहे. पण कन्नड वाचल्याशिवाय रायण्णावर एक ओळही लिहू नकोस. त्याची गाणी, त्याच्या गावांची आठवण कन्नडात आहे. मी मोडी आधी शिकलो, कन्नड फार उशिरा. ती वर्षं फुकट गेली, त्याबद्दल आता बोलून उपयोग नाही.

तू 'फितुरी' हा शब्द चार वेळा वापरलायस. खोड. 1830 च्या एप्रिलमध्ये रायण्णाला पकडून देण्यात गावचे पाटील होते, 26 जानेवारी 1831 ला नंदगडला त्याला फाशी झाली, हे खरं. पण पाटलाला फितूर म्हणण्याआधी त्याची पाटीलकी कुणी शाबूत ठेवली होती ते विचार. जमीन गेलेला माणूस आणि जमीन राहिलेला माणूस एकाच गावात राहतात. इथेही तेच, आधी जमीन बघ.

दोस्तीचंही तसंच. 1818 त कंपनीच्या मुनरोने पेशव्यांच्या बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा कित्तूर त्याच्या मदतीला होतं. सहाच वर्षांनी, कित्तूरचे देसाई वारल्यावर, धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने दत्तक नाकारला आणि खजिन्याला सील ठोकलं. 23 ऑक्टोबर 1824 ला थॅकरे कित्तूरच्या दारात मारला गेला. कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या हाती एलियट आणि स्टीव्हन्सन हे दोन साहेब ओलीस होते. ते 2 डिसेंबरला सोडले, आणि 5 तारखेला कित्तूर पडलं. ओलीस सोडताना बदल्यात हातात काय पडलं, या एका प्रश्नावर तुझा निबंध उभा राहील, आणि तू त्यावर अर्धी ओळ खर्च केलीस!

नरगुंदही असंच चाळ. तिथले संस्थानिक बाबासाहेब भावे, त्यांनाही दत्तक नाकारलेला, म्हणून त्यांनी बंड केलं. रामदुर्ग त्यांच्याच घराण्यातलं, पण तिथून साथ मिळाली नाही; उलट कंपनीचा पोलिटिकल एजंट मॅन्सन याला थोड्या स्वारांनिशी पुढे जाऊ नका असं तिथे बजावण्यात आलं. त्याने ऐकलं नाही आणि 29 मे 1858 ला सुरेबानला मारला गेला. 12 जूनला बाबासाहेबांना आपल्या बेळगावात फाशी दिली. दोन तारखांत अंतर दोन आठवड्यांचं. मदतीला कोण येणार होतं, ते कुठल्या गावात होतं आणि तिथून नरगुंद किती कोस, हे नकाशावर दोरी लावून मोज.

लोक म्हणतात, म्हातारा सगळं उताऱ्यावर आणून ठेवतो, माणसाचं मन, अभिमान काही बघत नाही. बघतो. पण अभिमानाचा कागद मिळत नाही, जमिनीचा मिळतो, आणि अभिमान कुठून सुरू झाला तेही पुष्कळदा त्याच कागदात सापडतं. मला हेकट म्हणायचं तर म्हण.

वहीत तीन रकाने पाड: नाव आणि चाकरी, आधीची जुडी, नंतरचा सारा. पहिली दहा नावं संपगाव आणि बिडीकडची घे. मोडीतलं जे अक्षर लागणार नाही त्याभोवती पेन्सिलीने गोल कर, अंदाजाने भरू नकोस. दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन ये, गोल केलेली अक्षरं आपण दोघं बसून लावू.