दाखल्याच्या अर्जावर सही करू नका

प्रश्न : माझे भाऊ-वहिनी दोघंही गेले. त्यांचा मुलगा सातवीत आहे, बारा वर्षांचा. त्याला जन्मापासून एचआयव्ही आहे, पण गोळ्या नियमित असल्यानं तब्येत चांगली आहे. मी त्याची आत्या, मीच सांभाळते. एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या एआरटी केंद्रावर जायला शाळा बुडते म्हणून बाईंना विश्वासानं खरं सांगितलं. आठ दिवसांत ते पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. मुख्याध्यापक म्हणतात, "रक्ताचा रिपोर्ट आणा, तोवर घरी ठेवा. नाहीतर अर्ज करून दाखला घेऊन जा." तक्रार केली तर गावभर होईल. काय करू?

उत्तर : ताई, दाखल्याच्या अर्जावर सही करू नका. बाकी सगळं त्यानंतर. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ सांगतं. म्हणूनच अर्ज तुमच्याकडून हवा आहे. तुमची सही झाली की कागदावर शाळेनं काढलेलं नसतं, पालकानं स्वतःहून नेलेलं असतं. अशी माणसं माझ्याकडे बहुतेक वेळा सही करून झाल्यावर येतात, आणि मग साधी लढाई अवघड होऊन बसते. "तुम्ही आई-बाप नाही" असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. मुलाला प्रत्यक्ष सांभाळणारी व्यक्ती हा कायदा पालक मानतो.

दुसरा आधार आहे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि खासगी शाळांनाही बंधनकारक आहे. एचआयव्हीमुळे शिक्षण नाकारणं, वेगळं बसवणं, शिक्षणासाठी तपासणीची अट घालणं, या सगळ्याला कलम ३ मनाई करतं. कोर्टाच्या आदेशाशिवाय कुणालाही आपली एचआयव्ही स्थिती सांगायला भाग पाडता येत नाही, हे कलम ८. म्हणून रिपोर्ट देऊ नका. "फक्त मला दाखवा, फाइलला लावणार नाही" असं म्हणाले तरी नाही. एका बाकावर बसून, डबा वाटून खाऊन किंवा एका नळाचं पाणी पिऊन हा विषाणू पसरत नाही. त्यासाठी तुमच्या मुलाचे कागद कुणाला बघायची गरज नाही.

आता पत्र. मुख्याध्यापकांना लिहा : "माझ्या भाच्याला अमुक तारखेपासून वर्गात बसू दिलेलं नाही. कारण लेखी द्यावं आणि त्याला उद्यापासून वर्गात घ्यावं." इतकंच. पत्रात आजाराचं नाव घालू नका, कारण ते आवक नोंदवहीतून चार हातांत फिरतं. एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि दोन्हींवर पोच घ्या. पत्र द्यायला जाताना मुलाला सोबत नेऊ नका. ऑफिसबाहेर उभं राहून त्यानं ते बोलणं ऐकू नये.

दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही, तर एचआयव्ही कायद्याखाली राज्य सरकार नेमतं त्या लोकपालाकडे तक्रार करा. आजाराचा उल्लेख तिथे करायचा. दोन्ही बाजू ऐकून लोकपालानं तीस दिवसांत आदेश द्यायचा असतो. आदेश मोडणाऱ्याला दहा हजारांपर्यंत दंड, आणि पुढेही मोडत राहिला तर दिवसाला पाच हजारांपर्यंत. अर्ज कुठे द्यायचा ते तुमच्या एआरटी केंद्रातले समुपदेशक सांगतील, किंवा १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनला फोन करा, तो मोफत आहे.

गावभर होण्याची भीती मला कळते. प्रकरण कोर्टात गेलंच, तर एचआयव्ही कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे मुलाचं नाव बदलून आणि बंद दाराआड सुनावणी मागता येते. वकिलाची फी नसली तरी अडू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील देतं.

ग्रुपवरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा, तिथे उत्तर मात्र देऊ नका. बाधित माणसाविरुद्ध द्वेष पसरवणं हा गुन्हा आहे, तीन महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते. बाईंनी विश्वास मोडला तेही कलम ८ च्या विरोधात आहे आणि त्याचा राग येणं अगदी रास्त आहे. पण माझं मत विचाराल तर तो विषय थोडा मागे ठेवा. आधी मुलगा वर्गात बसू दे. तोवर तो घरी राहिलेला प्रत्येक दिवस, आणि कोण काय म्हणालं, ते एका वहीत तारखेनं लिहीत जा. लोकपालासमोर ती वही तुमच्या कामी येईल.