निळी सोडून पहिली रंगीत शाई कोणती घ्यावी?

शाळेपासून निळ्या शाईनेच लिहीत आलात, आता रोजच्या डायरीसाठी रंगीत शाई घ्यायची आहे. कोणती घेऊ आणि तिने पेन बिघडेल का, असं तुम्ही विचारलंय.

पेनाचं आधी सांगते. बाटलीवर फाउंटन पेनची शाई असं लिहिलेलं असेल तर निर्धास्त भरा. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई मात्र अजिबात नको. तिच्यात बऱ्याचदा लाख असते, ती सुकली की निबखालची जीभ चोंदते आणि पाण्याने सुटत नाही. चमकी घातलेल्या शायाही पहिल्या खेपेला टाळा, चमकी तळाशी बसते आणि बारीक निबमध्ये अडकते. पारदर्शक पेनात लाल-जांभळी भरलीत तर डाग राहू शकतो, एवढं लक्षात असू द्या.

आता रंग. दुकानातली किंवा फोनवरची रंगपट्टी बघून शाई घेऊ नका, हे माझं अगदी ठाम मत आहे. पट्टी ब्रशने किंवा कापसाने माखलेली असते, निबमधून येते ती बारीक रेघ. पट्टीवर झकास दिसणारा नारिंगी किंवा आकाशी रंग पानभर लिहिल्यावर इतका फिका पडतो की महिन्याभराने स्वतःचीच डायरी वाचताना डोळे ताणावे लागतात. तुम्हाला रोज लिहायचंय, म्हणून गडद रंगच घ्या: विटकरी, बाटलीहिरवा, वांगी, काळपट लाल. लिव्हरपूलच्या डायमाइन कंपनीची ऑक्सब्लड ही काळपट लाल शाई मला सगळ्यांत आवडते. ती ३० मिलीच्या छोट्या बाटलीतही येते, त्यामुळे पसंत पडली नाही तरी फार पैसे अडकत नाहीत. थोडा खर्च करायची तयारी असेल तर पायलटच्या इरोशिझुकु मालिकेतली यामा-बुदो बघा, कोकमाच्या आगळासारखा रंग आहे आणि वाहते अगदी सुरळीत. देशी हवी असेल तर कोलकात्याची सुलेखा आहे, १९३४ पासूनची.

शाई आपल्या लिपीत कशी दिसते तेही बघा. छटा देणारी शाई असेल तर काना वरून खाली ओढताना ती टोकाला साठते. वर विटकरी, खाली जवळजवळ चॉकलेटी, एकाच रेघेत दोन रंग. शिरोरेषेचंही तेच, पेन उचलतो तिथे ती गडद होते. पण निब जाड आणि शाई फार ओली, म्हणजे निबमधून भरभर उतरणारी असेल तर ळ, ष, क्ष यांच्या पोकळ्या भरून जातात, जोडाक्षरं गिचमिड दिसतात. म्हणून नवी शाई आणली की नुसत्या रेघोट्या मारू नका. ‘क्षणोक्षणी’, ‘वर्षाऋतू’, ‘कृष्णविवर’ असे शब्द लिहून बघा, तेही तुमच्याच डायरीच्या मागच्या पानावर.

कारण अर्धा रंग कागद ठरवतो. साध्या वहीच्या शोषक कागदात शाई आत मुरते, छटा मरते, अक्षराला केसाळ कडा येतात. कमी शोषणाऱ्या गुळगुळीत कागदावर ती पृष्ठभागावर सुकते, म्हणून खुलते. त्यातून आपली मुंबई. जून ते सप्टेंबर कागद हवेतली ओल धरून असतो, मेमध्ये नीट वागणारी शाई जुलैत त्याच वहीत फुटते. सोनेरी-लाल झाक मारणाऱ्या, ज्यांना शीनवाल्या म्हणतात, त्या शाया या दिवसांत बोटाला लागत राहतात. त्या थंडीत काढा. पावसाळ्यात निब बारीक ठेवा आणि वहीत टिपकागद असू द्या.

टिपकागदाचा आणखी एक उपयोग. पट्टी ओली करून तिच्यावर तपकिरी शाईचा एक थेंब सोडा. बहुतेक वेळा थोड्याच वेळात त्यातून पिवळा, गुलाबी, निळा असे रंग वेगळे होऊन पसरतात. एका शाईत इतके रंग असतात हे बघून मला अजूनही तितकाच आनंद होतो, तुम्हीही करून बघाच.

रंग बदलताना पेन साध्या पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. दोन कंपन्यांच्या शाया पेनात एकत्र करू नका, साका बसू शकतो. बाटली कपाटात, अंधारात ठेवा. दमट हवेत कधी शाईवर बुळबुळीत थर दिसला तर तिला बुरशी लागली असं समजा आणि रंग कितीही आवडता असला तरी टाकून द्या.