पगार वाढला, मजा गेली

प्रश्न : ताई, वीसेक वर्षं हिशेब विभागात आहे. ताळेबंदात फरक निघाला की तो शोधून काढण्यात माझा हातखंडा. तीन वर्षांपूर्वी व्यवस्थापक झालो. पगार चांगला, साहेब समजूतदार, तक्रार करावी असं काहीच नाही. तरी रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो. बायको म्हणते, सुख बोचतंय. नोकरी सोडू का?

उत्तर : सुख बोचत नाहीये तुम्हाला. तक्रार नसणं म्हणजे सुख, असं तुम्ही दोघांनी धरून ठेवलंय, एवढंच.

मी कार्मिक विभागात होते. नोकरी सोडणारे फॉर्मवर ‘अधिक चांगली संधी’ लिहायचे आणि खरं कारण उठून दाराशी गेल्यावर सांगायचे. त्यात ‘मला जे जमतं ते आता करायलाच मिळत नाही’ हे बढती मिळालेल्यांकडून बरेचदा ऐकलं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २०० जणांना विचारलं होतं, कामावर फार छान कधी वाटलं आणि फार वाईट कधी? सगळे इंजिनीअर आणि अकाउंटंट, म्हणजे अनेक जण तुमच्याच पेशातले! १९५९ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. वाईट आठवणींत कंपनीची धोरणं, वरिष्ठांची वागणूक, कामाची परिस्थिती; चांगल्या आठवणींत हातून तडीस गेलेलं काम, त्याची दखल, जबाबदारी. पहिल्या गोष्टी सुधारल्या की कुरकुर थांबते, पण म्हणून गोडी लागत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. यावर पुढे टीकाही झाली : यशाचं श्रेय माणूस स्वतःकडे घेतो नि खापर दुसऱ्यावर फोडतो, मग उत्तरं अशीच येणार! टीका रास्त आहे. तरी तुमच्या पत्राला हे विवेचन चपखल बसतं.

बढतीनं तुमच्या हातातलं काम काढून घेतलं आणि बैठका दिल्या. त्याचं दुःख करायला लाजू नका. पण हाताखालच्यांचे फरक स्वतः शोधत बसायचा मोह टाळा. त्या पोराला तासभर झगडून सापडणार होतं ते तुम्ही पाच मिनिटांत काढून दिलंत, तर त्याच्या वाट्याचा आनंद तुम्ही घेतलात. तुम्ही कसे शोधता, ते शिकवा. शिकवण्यात रस वाटतो का, हे दोन-तीन महिन्यांत कळेल. सगळ्यांना वाटतोच असं नाही. मला स्वतःला कधी वाटला नाही.

साहेबांकडे ‘कंटाळा आलाय’ म्हणून जाऊ नका, ते रजा घ्यायला सांगतील. नेमकं मागा : वर्षअखेरची सर्वांत किचकट जुळवणी माझ्याकडे ठेवा, साप्ताहिक अहवालाची बैठक दुसऱ्याला द्या. शुद्ध तांत्रिक कामाची वरच्या दर्जाची जागा आहे का, तेही विचारा.

नाहीच जमलं तर खुशाल बाहेर बघा. फक्त अर्ज पुन्हा व्यवस्थापकाच्याच जागेसाठी करू नका. आणि पगार थोडा कमी आला तर चालेल का, हे बायकोशी आधी बोला.